आप्पांचा फोन रिसेट झाला, नंबर आणि मेल दोन्ही गेले – काय करता येईल?

उंबरठा | गुरुवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझे वडील (आप्पा, वय ७६) मिरजेला असतात, मी पुण्यात. मंगळवारी भजनी मंडळात कुणीतरी ऑनलाइन फसवणुकीचा किस्सा सांगितला, त्यावरून आप्पांनी रात्री झोपताना फोनचा पॅटर्न बदलला आणि सकाळी उठून विसरले. मग दहा-पंधरा वेळा चुकीचा काढला, फोन अर्धा अर्धा तास थांबा म्हणायला लागला. भाचा नववीत आहे, त्याने कुठला तरी व्हिडिओ बघून पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबून जो काळा स्क्रीन येतो त्यातून सगळं वाइप करून टाकलं. "आत्या, उघडला!" असा मला फोन. उघडला कसला, आता तो म्हणतोय की या फोनवर आधी जे गूगल अकाउंट होतं त्याने साइन इन करा.

आता ते अकाउंट कुठलं हे आप्पांना माहीत नाही. मला माहीत नाही. फोन २०२१ मध्ये घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने "काका, मी करून देतो सगळं" म्हणून काहीतरी बनवून दिलं होतं, पासवर्ड कुठे लिहिलेला नाही. त्याच दुकानात भाऊ काल गेला तर तिथे आता पडद्यांचं कापड मिळतं.

आप्पांचे चारेकशे नंबर होते. गवळी, गॅस, डॉक्टर, मंडळ, बँकेतले जुने सहकारी. शिवाय त्यांचा एक जुना मेल आहे (जीमेल नाही, दुसऱ्या कंपनीचा, २००८ पासूनचा), त्यावर पेन्शनचं आणि म्युच्युअल फंडाचं सगळं येतं, तोही त्याच फोनमधल्या मेलच्या अ‍ॅपमध्ये होता आणि पासवर्ड अर्थातच फोनलाच पाठ होता.

दुसऱ्या एका दुकानवाल्याने सांगितलंय की ८०० रुपयांत "लॉक तोडून देतो". देऊ का? आप्पा दोन दिवस जेवणावरसुद्धा नीट बसत नाहीयेत.

---

शून्य_बॅलन्स | गुरुवार, रात्री १०:३०

देऊ नका ८००. थांबा जरा. कुणीतरी जाणकार येईलच, तोवर सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, सिमवर काही नंबर असतील तर दिसतील. आणि सिम चालू राहणं महत्त्वाचं, पुढचे सगळे कोड त्यावरच येणार.

---

मंदाकाकू | गुरुवार, रात्री १०:४१

म्हणून मी अजून डायरी ठेवते. कुणी हसू नका.

---

रिपेअरवाला_सोलापूर | गुरुवार, रात्री ११:०५

ताई, माझं स्वतःचं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे, बारा वर्षं झाली, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमच्या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तुम्ही त्या एकच समजताय.

फोनला जे लॉक लागलंय त्याला एफआरपी (फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन) म्हणतात. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ च्या सुमारापासून आलंय. चोराने फोन चोरून असा बटणं दाबून साफ केला तर त्याला वापरता येऊ नये म्हणून. सेटिंग्जमध्ये जाऊन पॅटर्न टाकून रीतसर रिसेट केला असता तर बहुतेक फोनवर हे लागत नाही, पण भाच्याने मागच्या दाराने केला ना, मग फोनला वाटलं चोरच आहे.

तो ८०० वाला लॉक तोडेल पण. तोडतात, मी नाही म्हणत नाही. पण तोडल्यावर तुमच्या हातात काय येणार तर कोरा फोन. आत एक नंबर नसणार. कारण नंबर फोनमध्ये नाहीतच आता, असले तर त्या गूगल अकाउंटमध्ये आहेत, आणि अकाउंट तर अजून बंदच. म्हणजे ८०० रुपये देऊन तुम्ही चुकीचं कुलूप तोडणार.

दुसरं, उद्या कुणी म्हणेल "डेटा रिकव्हरी करून देतो, अडीच हजार". हल्लीच्या फोनमध्ये सगळा डेटा एन्क्रिप्ट करून ठेवलेला असतो आणि रिसेट करताना त्याची किल्लीच फेकून दिली जाते. पूर्वी मेमरी कार्डवरून डिलीट झालेले फोटो यायचे तसं हे नाही. रिसेट झालेल्या फोनच्या पोटातून नंबर काढून देतो म्हणणारा माणूस थापा मारतोय, मग तो माझा धंदेबंधू का असेना.

तेव्हा आधी अकाउंट शोधा.

---

उंबरठा | गुरुवार, रात्री ११:२०

बापरे. बरं झालं विचारलं. भाऊ उद्या सकाळी ८०० घेऊन निघालाच होता.

पण अकाउंट शोधायचं कसं? फोनच्या खोक्यावर, बिलावर काही नाही, दोन्ही बघितलं. बिलावर तर आडनावही चुकीचं आहे.

---

पीएचपी_पंडित | शुक्रवार, सकाळी ८:१५

गूगलच्या साइन इन पानावर, जिथे ईमेल टाकतो त्याच्या खाली बारीक अक्षरात "फरगॉट ईमेल" असतं, ते कुठल्याही कंप्युटरवर उघडा. आप्पांचा मोबाइल नंबर टाका. मग ते नाव विचारेल, अकाउंट बनवताना जे नाव टाकलं होतं तेच लागतं. नाव जुळलं की नंबरवर कोड येतो आणि त्या नंबराशी जोडलेली अकाउंटं दाखवतं. दुकानात बनवताना नंबर टाकला असेल तरच हे चालेल, पण बहुतेक टाकतातच.

आणि एक, सर्च करून "गूगल कस्टमर केअर" असा नंबर शोधू नका. फोनवर अकाउंट उघडून देणारा गूगलचा कुठलाही माणूस नसतो. असा नंबर सापडला तर तो भुरटा समजा, आणि आलेला कोड कुणालाही म्हणजे कुणालाही सांगू नका. आप्पांना तर दोनदा सांगा.

---

उंबरठा | शुक्रवार, दुपारी १:४०

केलं. आप्पांचं पूर्ण नाव टाकलं, नुसतं नाव आडनाव टाकलं, वडिलांचं नाव मध्ये घालून टाकलं, मराठीत टाकलं. "या नावाचं अकाउंट सापडलं नाही" एवढंच म्हणतंय.

---

रिपेअरवाला_सोलापूर | शुक्रवार, दुपारी २:०२

ताई मी आता आतली गोष्ट सांगतो, रागावू नका 😄

दिवाळीत दुकानात पंधरा गिऱ्हाइकं उभी असतात. आजोबांना विचारलं "मेल आयडी काय?" तर ते म्हणतात "तूच टाक काहीतरी". मग पोरगं टाकतं काहीतरी. फर्स्ट नेम "माय" लास्ट नेम "फोन" असं मी डोळ्यांनी बघितलंय. नाहीतर फोनच्या मॉडेलचं नाव, दुकानाचं नाव, गावाचं नाव. मी माझ्या पोरांना आता सक्त सांगितलंय, गिऱ्हाइकाचं नाव टाका आणि आयडी पासवर्ड खोक्याच्या आत लिहून द्या. तरी पाचातलं एक विसरतंच. तेव्हा तसली नावं ट्राय करा.

---

चहाबिस्कीट | शुक्रवार, दुपारी २:२०

नाव ओळखत बसण्यापेक्षा हे बघा ना, आप्पांनी त्या फोनवरून कधी कुणाला मेल केलाय का? म्हणजे फोटो गॅलरीतून शेअर करताना चुकून जीमेलवर बोट पडतं आणि मेल जातो, आमच्या सासूबाई नेहमी करतात. घरातल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये शोधा. नावाने शोधू नका, नाव तर तुम्हाला माहीतच नाहीये, अटॅचमेंट असलेले मेल बघा, विषय रिकामा असलेले बघा.

---

उंबरठा | शुक्रवार, संध्याकाळी ७:५५

चहाबिस्कीट, तुमच्या तोंडात साखर!!

माझ्याकडे काही नव्हतं. वहिनीच्या इनबॉक्समध्ये २०२३ च्या दिवाळीचा एक मेल सापडला, विषय नाही, मजकूर नाही, नुसता किल्ल्याचा फोटो (भाच्याने अंगणात केला होता तो), आणि पाठवणाऱ्याचं नाव काय तर "मोबाइल मिरज". वहिनीला तेव्हा वाटलं जाहिरात आहे, उघडलाच नव्हता. ईमेल आयडी म्हणजे त्याच दोन शब्दांना चार आकडे जोडलेत, ते आकडे आप्पांच्या नंबराचे शेवटचे चार.

म्हणजे आयडी मिळाला. आता पासवर्ड. "फरगॉट पासवर्ड" केलं, भावाच्या फोनमध्ये सिम घातलंय तिथे कोड आला, तो मला सांगितला, मी इथे पुण्यात लॅपटॉपवर टाकला तरी "हे अकाउंट तुमचंच आहे याची खात्री करता आली नाही". तीनदा केलं.

---

पीएचपी_पंडित | शुक्रवार, रात्री ८:१०

थांबा थांबा, आता अजिबात प्रयत्न करू नका, जास्त वेळा केलं की ते काही काळ दारच बंद करतं.

गूगल नुसता कोड बघत नाही. कुठल्या ठिकाणाहून, कुठल्या इंटरनेटवरून, कुठल्या यंत्रावरून विचारताय तेही बघतं. ते अकाउंट चार वर्षं मिरजेच्या घरातल्या वायफायवर वापरलं गेलंय आणि आज अचानक पुण्याहून कुठल्या तरी अनोळखी लॅपटॉपवरून कुणीतरी पासवर्ड मागतंय. त्याच्या जागी तुम्ही असता तर दिला असता?

मिरजेला जाऊन करा. घरचंच वायफाय, आणि घरात असा कुठला कंप्युटर किंवा टॅब असेल जिथे हे अकाउंट कधी उघडलं असेल तर त्यावरून. आणि "पूर्वीचा एखादा आठवणारा पासवर्ड सांगा" असं विचारलं तर रिकामं सोडू नका, अंदाजाने का होईना टाका.

---

गोंयकार_नाना | शुक्रवार, रात्री ८:४०

पंडित म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. माझा मुलगा दुबईत, तो तिथून माझं अकाउंट उघडायला आठ दिवस झटत होता, शेवटी मी म्हापशात घरी बसून शेजारच्या पोराकडून करून घेतलं, दहा मिनिटांत झालं. मुलगा अजून मान्य करत नाही.

---

मंदाकाकू | शुक्रवार, रात्री ९:००

उंबरठा, जाणारच आहेस तर आप्पांसाठी काहीतरी घेऊन जा. फोन होईल नाहीतर न होईल.

---

कावळा | शुक्रवार, रात्री ९:३३

मी वेगळा मुद्दा मांडतो. मुळात आपण आपले नंबर, पत्रं, फोटो सगळं एका परदेशी कंपनीच्या हवाली करतो आणि मग तिच्या दारात उभं राहून "मी मीच आहे" हे सिद्ध करत बसतो, यात कुणालाच काही वाटत नाही का?

---

शून्य_बॅलन्स | शुक्रवार, रात्री ९:४०

वाटतं हो कावळेराव, पण आप्पांचा गवळी आत्ता हवाय. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

---

उंबरठा | शनिवार, दुपारी ३:२५

मिरजेत आहे. सकाळच्या गाडीने आले.

झालं!! घरच्या वायफायवर, आप्पांच्या टेबलावरच्या जुन्या कंप्युटरवर बसले, आयडी टाकला, कोड आला, जुना पासवर्ड विचारला तेव्हा मी अंदाजाने "मिरज" आणि फोन नंबरचे तेच चार आकडे टाकले (दुकानातल्या पोराच्या डोक्याने विचार केला), बरोबर होता की नाही ते त्याने सांगितलं नाही पण पुढे जाऊ दिलं. नवीन पासवर्ड केला. आप्पांनी स्वतः वहीत लिहून घेतला, मोठ्या अक्षरात, आणि वही देवघराच्या फळीवर ठेवली.

मग कंप्युटरवरच कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडलं. आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. २६३ नंबर! "गवळी जुना". "गवळी नवा". "गवळी नवा २ (पाणी घालतो)". आप्पा म्हणाले, "आहेत की सगळे!" आणि आत जाऊन चहा टाकायला सांगितला, दोन दिवसांत पहिल्यांदा.

पण फोन अजून ऐकत नाहीये. तोच आयडी, नवा पासवर्ड, तरी आत घेत नाही. आणि २६३ च कसे, चारशे होते ना?

---

रिपेअरवाला_सोलापूर | शनिवार, दुपारी ३:५०

अभिनंदन ताई! फोनचं असं आहे, पासवर्ड नुकताच बदलला असेल तर एफआरपी लगेच मानत नाही, २४ तास जाऊ द्या. चोराने पासवर्ड बदलून लगेच फोन उघडू नये म्हणून. चार्जिंगला लावून ठेवून द्या, उद्या याच वेळेनंतर बघा. मध्ये परत पासवर्ड बदलू नका, नाहीतर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

---

पीएचपी_पंडित | शनिवार, दुपारी ४:१५

बाकीच्या नंबरांबद्दल वाईट बातमी असू शकते. नवीन नंबर सेव्ह करताना कुठे ठेवायचा ते ठरलेलं असतं – गूगल अकाउंटमध्ये, फोनमध्ये, की सिमवर. एकदा कधी "फोन" निवडलं गेलं की पुढचे सगळे तिथेच जात राहतात आणि बघताना मात्र तिन्हीकडचे एकाच यादीत दिसतात, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. गूगलमधले आले. "फोन"मधले रिसेटबरोबर गेले. फोनच्या कंपनीचं वेगळं अकाउंट असेल आणि त्यात सिंक (म्हणजे फोनमधलं आपोआप अकाउंटमध्येही जाणं) चालू असेल तर तिथे बघा, काही कंपन्या देतात. सिमवरचे सिमवर असतील.

एक आशा आहे. गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये फोनमधले नंबरही आपोआप अकाउंटला जोडायची सोय असते, ती चालू असती तर तुम्हाला चारशे दिसले असते. म्हणजे नव्हती. तरी डावीकडे "अदर कॉन्टॅक्ट्स" आणि "ट्रॅश" दोन्ही बघून घ्या, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात.

---

चहाबिस्कीट | शनिवार, संध्याकाळी ५:०५

ट्रॅशवरून आठवलं, हे तुमच्या कामाचं नाही पण कुणाच्या तरी येईल. मागच्या वर्षी मी नवऱ्याच्या फोनवर माझं अकाउंट घातलं, त्याला त्याच्या यादीत माझ्या मैत्रिणी नको होत्या म्हणून त्याने बसून एक एक डिलीट केल्या. त्याला वाटलं त्याच्या फोनमधून जातायत. माझ्यातून गेल्या. सिंक म्हणजे काय ते आमच्या घरात त्या दिवशी मोठ्या आवाजात शिकवलं गेलं. त्याच साइटवर सेटिंग्जच्या चाकात "अनडू चेंजेस" आहे, गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेवर यादी मागे नेता येते. फक्त मधल्या काळात जे नवीन घातले तेही निघून जातात, तर आधी एक्सपोर्ट करून ठेवा. व्हीसीएफ फाइल बनते, ती कुठल्याही फोनला समजते.

---

उंबरठा | शनिवार, रात्री ९:१०

सिमवर ९१ सापडले. पण काय नावं ती! इंग्रजीतली शेवटाला कापलेली आहेत, आणि मराठीतली तर त्याच्याही आधी थांबलीयेत. "कुलकर्णी" एवढं दिसतंय, पुढचं नाही. आप्पांच्या ओळखीत कुलकर्णी अकरा.

---

पीएचपी_पंडित | शनिवार, रात्री ९:३०

सिममध्ये नावाला जागाच तेवढी असते, आणि देवनागरी अक्षराला इंग्रजीच्या दुप्पट जागा लागते म्हणून निम्म्यातच संपतं. काना-मात्राही वेगळा मोजला जातो. साधारण अडीचशे नंबर मावतात आणि एका नावाला एकच नंबर. त्याच्या पलीकडे सिम काही ठेवत नाही.

उरलेल्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप आहे. पण एक गोष्ट नीट वाचा. उद्या फोन उघडला की आधी हेच गूगल अकाउंट घाला, सिम त्यात असू द्या, मग व्हॉट्सअ‍ॅप टाका, ते "बॅकअप सापडला, रिस्टोअर करायचा का" विचारेल, तेव्हा "स्किप" वर बोट पडता कामा नये. बॅकअप त्या नंबराला आणि त्या अकाउंटला बांधलेला असतो. स्किप झालं तर काढून परत टाकावं लागतं आणि मध्ये नवा रिकामा बॅकअप झाला तर जुना गेलाच. भाच्याला दूर ठेवा.

---

उंबरठा | शनिवार, रात्री ९:३८

भाचा आजीच्या खोलीत झोपलाय 😂 त्याला बिचाऱ्याला आधीच खूप बोलणी बसलीयेत.

आणि तो दुसरा जुना मेल? त्याचं काय करू?

---

पीएचपी_पंडित | शनिवार, रात्री १०:००

ज्या कंप्युटरवर आत्ता बसलात त्याच्या ब्राउझरमध्ये बघा, त्या मेलच्या साइटवर जा, कदाचित लॉगिन असेल किंवा पासवर्ड सेव्ह असेल. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड मॅनेजर असतो, तिथे डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की दिसतो.

मग प्रश्न असा की मेल अ‍ॅपमध्ये ते खातं कसं जोडलं होतं, आयमॅप आणि पॉप अशा दोन पद्धती असतात. आयमॅप असेल तर काही गेलेलं नाही, सगळे मेल सर्व्हरवर असतात आणि फोन नुसता खिडकी. पॉप असेल तर फोन मेल उतरवून घेतो, आणि "सर्व्हरवर प्रत ठेवा" हे चालू नसेल तर तिथून पुसूनही टाकतो. पोस्टमनने पत्र घरात टाकलं आणि घराला आग लागली असं. ते बघा आधी. परत जोडाल तेव्हा आयमॅपच निवडा, पोर्ट ९९३.

---

उंबरठा | रविवार, सकाळी ११:२०

पासवर्ड ब्राउझरमध्ये होता! आत गेले. पॉपच होतं म्हणजे (जोडणारी मीच, २०२१ मध्ये, घाईत), पण नशिबाने प्रत ठेवा चालू होतं, आलेले सगळे मेल २००८ पासूनचे जागेवर आहेत. पेन्शनचे कागद, फंडाचे स्टेटमेंट, सगळं.

पण "सेंट" मध्ये २०२१ नंतरचं काहीच नाही. आप्पांनी फोनवरून पाठवलेलं एकही पत्र नाही. आणि आप्पांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल दोन वर्षांत सतरा पत्रं लिहिलीयेत, तीच त्यांना हवी आहेत.

---

पीएचपी_पंडित | रविवार, सकाळी ११:३५

पॉपमध्ये पाठवलेले मेल फोनमध्येच राहतात, सर्व्हरला त्याची प्रत जातेच असं नाही. ते गेले. ज्याला पाठवले त्याच्याकडूनच मिळतील.

---

उंबरठा | रविवार, सकाळी ११:४०

म्हणजे सेक्रेटरींकडून. ज्यांच्याविरुद्ध लिहिलीयेत त्यांच्याकडून.

---

मंदाकाकू | रविवार, सकाळी ११:४४

अगं बाई.

---

कावळा | रविवार, दुपारी १२:१०

हे मात्र मला मनापासून आवडलं.

---

उंबरठा | रविवार, रात्री १०:३०

सविस्तर लिहिते, आज दिवसभर हेच केलं.

चार वाजता फोनवर आयडी पासवर्ड टाकला, घेतला. नंबर आपोआप उतरतील असं वाटलं, पण बराच वेळ यादी रिकामी, माझं धाबं दणाणलं, मग अकाउंटच्या सिंकमध्ये जाऊन बघितलं तर कॉन्टॅक्ट्सचं बटण बंद होतं. चालू केलं, २६३ आले. सिमचे ९१ इम्पोर्ट करून अकाउंटमध्येच घातले, त्यातले साठ-सत्तर दोन्हीकडे होते, "मर्ज" करून एक केले.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप सापडला पण मार्चचा. नंतर झालाच नव्हता, कारण अकाउंटचे १५ जीबी भरलेत. कशाने, तर सुप्रभातच्या व्हिडिओंनी. फुलं, सूर्योदय, स्वामींचे फोटो, त्यावर घंटेचा आवाज. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता त्याच १५ जीबीत धरतात हे मला माहीतच नव्हतं. आणि जागा संपली की जीमेलवर नवे मेलही येणं बंद, म्हणजे तेही किती दिवस बंद होतं देव जाणे. साफ करायला दीड तास गेला, प्रत्येक वेळी आप्पा म्हणणार "तो ठेव, चांगला आहे".

आता खरी मजा. भजनी मंडळाच्या ग्रुपमध्ये ४८ माणसं, त्यातली तीस नुसते नंबर, नंबराखाली तो वाकडा डॅश आणि त्यांनी स्वतः ठेवलेलं नाव. कुणाचं "राम कृष्ण हरी", कुणाचं नुसतं टिंब, एकाचं "बॉस". आप्पा म्हणाले नावं नको वाचू, आवाज ऐकव. मग एकेकाचे व्हॉइस मेसेज लावत गेले आणि आप्पा डोळे मिटून सांगत होते: "हा विठ्ठल. हा पखवाजवाला, मालगावचा. हा खोकतो तो जोशी." तीसातले अठ्ठावीस ओळखले. "बॉस" म्हणजे देवळाचे पुजारी निघाले.

उरलेल्यांसाठी भावाने सिम कंपनीच्या अ‍ॅपमधून कॉलचं स्टेटमेंट काढलं, ज्या नंबरांवर वारंवार फोन गेलेत ते बघून अजून वीसेक सापडले. गॅसवाला, वाचनालय, दाढी करायला घरी येतो तो.

जुना मेल फोनमध्ये जोडताना नेहमीचा पासवर्ड घेईना, मेलच्या साइटवरून वेगळा अ‍ॅप पासवर्ड (फक्त त्या अ‍ॅपपुरता) बनवावा लागला, मग आयमॅपने झाला. यूपीआय पण परत सुरू केलं, सिमवरून एसएमएस जातो आणि पिन जुनाच चालतो, त्याला काही झालं नव्हतं. अकाउंटचं नाव "मोबाइल मिरज" होतं ते बदलून आप्पांचं केलं. रिकव्हरीला माझा नंबर आणि वहिनीचा मेल घातला. नंबर सेव्ह होण्याची जागा गूगल करून ठेवली.

आणि सेक्रेटरींनी सतराच्या सतरा पत्रं फॉरवर्ड केली. वर एक ओळ: "आपल्या संग्रहासाठी". आप्पांनी उत्तर लिहायला घेतलंय.

---

रिपेअरवाला_सोलापूर | रविवार, रात्री १०:५०

ताई एक राहिलं, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारतात ती) चालू करत असाल तर ते दहा बॅकअप कोड देतात आठ आकडी, ते प्रिंट काढून त्याच वहीत. सिम हरवलं तर तेवढाच आधार.

आणि आवाजावरून नंबर ओळखायचं मी आजवर ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकांना सांगणार आता.

---

गोंयकार_नाना | सोमवार, सकाळी ७:३०

वाचून बरं वाटलं. आयफोनला हेच कसं करायचं? सुनेचे नंबर गेलेत.

---

चहाबिस्कीट | सोमवार, सकाळी ८:१०

नाना, आयक्लाउड डॉट कॉमवर ब्राउझरने जा, तिथे डेटा रिकव्हरीमध्ये "रिस्टोअर कॉन्टॅक्ट्स" आहे, तारखेनुसार जुन्या याद्या दिसतील. पण महिनाभराच्याच असतात, उशीर करू नका.

---

उंबरठा | सोमवार, सकाळी ९:०५

पुण्याला परत निघालेय, गाडीतून लिहितेय. एकच नंबर राहिलाय, "डब्बा २". आप्पांना काही केल्या आठवत नाही कोण ते, डबा कधी लावलाच नव्हता आम्ही. निघताना मीच लावून बघितला. पलीकडून एक म्हातारे गृहस्थ, मी कोण आहे तेही न विचारता: "अरे आप्पा, चार दिवस झाले, आहेस कुठे? वाटलं गेलास." मी फोन आप्पांच्या हातात दिला. अर्धा तास बोलले. ठेवल्यावर विचारलं, कोण होतं? तर म्हणे, "कळलं नाही गं. आता विचारणार कसं?"